एकोजीचे कान

मी एक जुनी, गंजलेली पॉवर प्रेस आहे, मित्रांनो. पत्र्यावर दणका घालायचा आणि पंख्याची पाती काढायची, एवढंच मला येतं. आता शेडमध्ये पडून असते आणि एकाच माणसाची आठवण काढते.

एकोणीसशे एकसष्ट साली एका विलायती कंपनीने मद्रासेत भांडवल घातलं आणि मी बोटीतून तांबरमजवळच्या कारखान्यात आले. माझ्यावर कामाला लागला एकोजी, तंजावरकडचा मराठी माणूस. आधी तो मद्रासच्या नुंगंबाक्कम भागात कुलुपं दुरुस्त करायचा. घरात दूध यायचं ते सणालाच. इथल्या पगारावर दूध रोज आलं. बायकोचा जुनाट ताप कंपनीच्या डॉक्टरने घालवला. मुलीला, मीनाक्षीला, गाण्याची शिकवणी लागली. मला काय तोरा चढला होता म्हणून सांगू!

माझ्याच पेटीतून कानांवर घालायची जाड झाकणंही आली होती. माझा आवाज म्हणजे काय थट्टा आहे? पण फोरमन शेषगिरींना वाटलं, इतकी मऊ, चामड्याने मढवलेली वस्तू तेलकट हातांनी कशाला खराब करायची? त्यांनी ती कपाटात जपली. दर खंडेनवमीला, आयुधपूजेला, बाहेर काढायचे, कुंकू लावायचे आणि पुन्हा कुलपात ठेवायचे. विलायतेहून साहेब यायचे, ते पाती किती निघाली एवढंच विचारायचे.

सात वर्षं गेली. त्या आयुधपूजेला नेहमीसारखी सगळी यंत्रं बंद होती, कामगारांची बायकापोरं आली होती. मीनाक्षी माझ्यासमोर बसून गायली. किती गोड गायली पोर! एकोजी तिच्या तोंडाकडे बघत मान डोलवत होता. गाणं संपलं तरी डोलवतच राहिला.

"अप्पा, संपलं," ती म्हणाली.

"मोठ्यानं गा की, कण्णू. लाजती कशाला?" लाडाने तो तिला कण्णूच म्हणायचा.

ती पुन्हा गायली, गळ्याच्या शिरा ताणून. एकोजीने कानामागे हात धरला, मग वैतागून शेषगिरींकडे वळला.

"ही प्रेस जरा बंद करा हो. पोर गाती आहे."

मी बंदच होते, मित्रांनो. सकाळपासून बंद होते.

माझ्यासारखी यंत्रं जरूर आणा, आमच्यावर घरं उभी राहतात. पण राबणाऱ्या माणसाला आमच्याइतकंच जपा हो. मी पुन्हा चालावं असं मला वाटत नाही. मीनाक्षीचं गाणं त्याला एकदा नीट ऐकू यावं, एवढंच वाटत राहतं.