वीतभर इंजिन, मुक्काम कुंभारी

मी वीतभर लांबीचं डिझेल इंजिन बोलतोय. वीतभर म्हटल्यावर हसू नका. कुंभारीच्या कामगार वस्तीत, शहाजीच्या बाहेरच्या खोलीत जे जेऊर स्टेशन आहे, तिथली सगळी वाहतूक माझ्या एकट्याच्या जिवावर चालते.

माझा जन्म गोडेतेलाच्या डब्यातून झाला. शहाजी टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. त्याने रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, कानशीने घासला, वाकवून जोडला आणि माझं अंग तयार केलं. चाकं आणि मोटर तेवढी पार्सलने आली. अंगावरचा लाल पट्टा मात्र त्याच्या बायकोच्या, वैजयंतीच्या, नेलपॉलिशचा. बाटली संपल्यावर तिला पत्ता लागला. त्या दिवशी घरात जे काही झालं, ते मी अर्धवट रंगलेल्या अवस्थेत मुकाट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनेच माझ्या खिडक्यांच्या कडा काडेपेटीच्या काडीने रंगवून दिल्या, कारण वेडंवाकडं काम तिला बघवत नाही.

रूळ दिले संगमेशने. हा शहरातला, शहाजीसारखाच आगगाड्यांचा वेडा, पण त्याचं वेड वेगळं. त्याच्याकडे काचेच्या कपाटात परदेशी इंजिनं रांगेने उभी आहेत. काही तर अजून खोक्यातून बाहेरही आलेली नाहीत. चालवलं की चरे पडतात, असं तो म्हणतो. एकदा शहाजी मला त्याच्याकडे घेऊन गेला होता. माझ्या चाकांना लागलेलं काळं बघून त्या देखण्या मंडळींना माझा हेवा वाटला असणार, असं मी धरून चालतो.

आता जेऊरच का, तर शहाजीचं घराणं मेंढपाळांचं. लहानपणी तो वडिलांबरोबर कळपामागे खऱ्या जेऊरच्या बाजूला जायचा. रेल्वे फाटकाशी कळप अडला की बाकीचे वैतागायचे, हा एकटा खूश व्हायचा. तेच फाटक त्याने कमरेएवढ्या उंच पायांच्या प्लायवूडवर उभं केलं. फलाट केला, बोगद्याचा डोंगर केला, खऱ्या लोकरीची मेंढरं चिकटवली. जेऊरला असा डोंगर नाही हे त्यालाही ठाऊक आहे, पण बोगद्याशिवाय त्याला राहवलं नाही. खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत भरली. पाहुणे डोंगराला कोपर टेकवून चहा पितात. एकदा वैजयंतीने त्याच डोंगरावर कुरडया वाळत घातल्या होत्या, तरी माझी गाडी वेळेवर सुटली.

असं सगळं सुखाचं चाललं असताना शहाजीच्या वडिलांचं, गुंडाआबांचं, इथे कायमचं राहायला येणं ठरलं. गुडघे गेले होते. कळप त्यांनी पुतण्याकडे, भिमाकडे, सोपवला होता. घर दोन खोल्यांचं. त्यांची बाज टाकायची कुठे, हा प्रश्न नवराबायको एकमेकांना विचारायचं टाळत राहिले. शेवटी शहाजीच म्हणाला, "दसरा झाला की ही फळी कापून काढतो. इंजिन संगमेशच्या कपाटात राहील."

वैजयंती नुसती "बरं" म्हणाली आणि आत जाऊन तिने भांडी जरा जोरातच लावली.

ते कपाट मी पाहिलं होतं. कपाटातलं इंजिन दिसतं छान, पण ते कुठेही जात नाही. मला जायचं होतं, मग ते त्याच फलाटावर परत येण्यासाठी का असेना.

खंडेनवमीला सकाळी आबा आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. पूजा मांडली होती. पाटावर पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मी आणि माझ्या शेजारी नवीकोरी करवत. जी मला बेघर करणार होती, तिलाही माझ्याइतकंच हळदकुंकू.

आबा फळीवर वाकले. "ह्ये काय मांडलंय रं?"

"जेऊर हाय, आबा. ह्यो फलाट, ह्ये फाटक. आन ही आपली मेंढरं."

आबांनी एकेक मेंढरू बोटाने मोजलं. "मेंढरं हायती आन कुत्रं न्हाय व्हय? लांडगा आला म्हंजी?"

शहाजी हसला. पूजलेली हत्यारं त्या दिवशी चालवत नाहीत, पण इंजिन म्हणजे गाडी, हत्यार नव्हे, असं म्हणत त्याने मला रुळावर ठेवलं. आबा पुढे सरसावले. त्यांनी बटव्यातून मूठभर भंडारा काढला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणाले आणि माझ्यावर उधळला. मी, डोंगर, फलाट, रूळ, सगळं पिवळंधमक झालं. इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

शहाजीने बटण फिरवलं. मी हललोच नाही.

आम्हाला वीज रुळातून चाकांवाटे मिळते. मध्ये हळदीचा थर आला की संपलं. शहाजीला हे लगेच कळलं, पण देवाच्या भंडाऱ्याला अडथळा कसं म्हणायचं, म्हणून तो नुसतंच बटण पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. आबांचा चेहरा उतरला.

"मी आलो आन गाडी थांबली," ते म्हणाले. मग त्यांची नजर पाटावर गेली. "करवत कशाला आणली रं?"

शहाजी रुळाची वायर चाचपू लागला. शेवटी वैजयंतीच बोलली, "तुमची बाज टाकायची हाय की, आबा. ही फळी काढायची ठरलीय. आन गाडी तुमच्यामुळं न्हाय थांबली, भंडारा चाकात गेलाय. पुसला की चालंल."

"मग आण हिकडं," आबा म्हणाले.

ते खाली बसले आणि त्यांनी मला मांडीवर उताणं घेतलं. कमरेच्या दोऱ्याला मेंढरांच्या खुरातले काटे काढायचा चिमटा होता. त्या चिमट्याने ते एकेका चाकाच्या फटीतली हळद उपसू लागले. मी पाय झाडले नाहीत, एवढंच माझं कौतुक. तिकडे वैजयंतीने सॅनिटायझरची बाटली आणि जुना बनियन घेऊन रूळ लख्ख केले. डोंगर मात्र पिवळाच ठेवला.

पुन्हा बटण फिरलं आणि मी सुटलो. फाटक ओलांडलं, बोगद्यात शिरलो. बाहेर आलो तर आबा काठी टेकत माझ्याबरोबर फळीभोवती चाललेले. "आरं, आली की," म्हणत ते ठसका लागेपर्यंत हसले. मला इतका आनंद झाला की वळणावर रुळावरून घसरणारच होतो.

दम लागला तसे ते थांबले आणि वाकून फळीखाली बघू लागले. "हितं काय हाय?"

"काय न्हाय. खोकी हायती."

"मग बाज हितंच सरकीव की. सगळा जल्म पालात गेला माजा. छप्पर लई उंच असलं की झोप येत न्हाय मला."

"आबा, डोक्यावर गाडी खडखड करंल."

"करू दे की."

दसऱ्याच्या दिवशी करवत चालली ती बाजेच्या पायांवर. डोकं आपटू नये म्हणून पाय चार-चार बोटं कापले आणि बाज फळीखाली नीट गेली. पुढच्या सुट्टीला शहाजीने काळ्या लोकरीचं कुत्रंही केलं. आबांनी ते कळपाच्या मागे न ठेवता फाटकाशी, माझ्या वाटेवर नजर ठेवून बसवलं, आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघून घेतो.

आता शहाजी कामावर असला की दुपारी वैजयंतीच मला सुरू करते. पहिल्यांदा तिने आबांचा डोळा लागलेला पाहून बटण बंद केलं, तर ते दचकून जागे झाले. "का गं थांबली? कळपाच्या घंटा थांबल्या की जाग येती मला. वाटतं, कायतरी झालं."

तेव्हापासून त्यांची झोप माझ्याकडे आहे. तुमच्याकडे एखादं इंजिन कपाटात उभं असेल, तर त्याला रुळावर ठेवा, चरे पडू द्या. एवढंच सांगायचं होतं, पण सांगता सांगता माझा वेग कमी झाला. खाली बाज करकरली बघा. चला, निघतो मी. म्हातारा जागा होईल.