राजुरीतला सत्कार

त्या सकाळी संघर्षने कळंबच्या स्टँडवर निळं पेन विकत घेतलं. बियाण्याच्या कंपनीत त्याची तीन वर्षं टेम्पररी म्हणून गेली होती. आज राजुरीत शेतकरी मेळावा होता आणि तो उरकला की पुण्याहून येणारे साहेब त्याला कायम नोकरीचं पत्र देणार होते. दोन प्रतींवर सह्या केल्या की झालं. वडील भागुजींनी तर आदल्या दिवशीच पेढे आणून ठेवले होते. पोराची नोकरी पक्की होणार, हे कळंबमध्ये कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं.

पेन खिशाला लावतोय तोच मोबाईल वाजला. राजुरीचे गेणभाऊ बोलत होते.

"राव, आज तुमचा सत्कार ठिवलाय. तुमी काम्प्युटरवर लिहिलेलं आमच्या पोरानं, आदेशनं, पुण्यावरनं छापून पाठवलंय. सगळ्यांम्होरं वाचनार हाय मी."

संघर्षच्या पायाखालची जमीन सरकली. वर्षभरापूर्वी त्याने ब्लॉग सुरू केला होता, 'बांधावरून' नावाचा. दिवसभर कंपनीचं गुणगान गायचं आणि संध्याकाळी नारायणगावच्या सायबर कॅफेत बसून मनातलं लिहायचं. वाचणारे अकरा जण, तेही कुठले कुठले. कंपनीचं चारशे बारा नंबरचं टोमॅटो बियाणं पावसाळ्यात झकास, पण उन्हाळ्यात फळ तडकतं, हे त्याने ऑफिसला दोनदा कळवलं होतं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी ते सगळं त्याने ब्लॉगवर ओतलं. स्वतःचं नाव घातलं नाही, पण कुठल्या विहिरीजवळच्या प्लॉटमध्ये काय दिसलं ते मात्र इमानेइतबारे लिहिलं. आदेशने घरची विहीर ओळखली. त्या दिवशी प्लॉट बघायला कोण आलं होतं, हे बापाला विचारायला कितीसा वेळ लागणार?

आणि आज साहेब नेमकं चारशे बारा उन्हाळी लागवडीसाठी खपवायला येत होते.

त्याने मोटरसायकल नारायणगावला पिटाळली. निदान ब्लॉग तरी पुसून टाकू, मग म्हणू की असं काही नव्हतंच. कॅफेचं शटर अर्धं खाली. लोडशेडिंग, लाईट बाराला येणार. मेळावा अकराचा. बंद कॉम्प्युटरसमोर तो उगाच पाच मिनिटं उभा राहिला. शिकलेला माणूस घाबरला की अडाण्याहून अडाणी होतो.

आता गेणभाऊंनाच गाठायला हवं होतं. ते राजुरीच्या देवळासमोर खुर्च्या मांडत होते.

"भाऊ, हात जोडतो, सत्कार नको."

"असं कसं?"

"खरंच नको. तो कागद वाचू नका. माझं लई नुकसान होईल."

गेणभाऊ गालातल्या गालात हसले. शाल दाखवली की जो तो आधी नको नकोच म्हणतो, ही गावाची रीत. सरपंचानेही मागच्या महिन्यात तीनदा नको म्हणून मगच खांदे पुढे केले होते.

"आवं, मानसानं लाजावं, पर इतकं न्हाई," असं म्हणून ते माईक लावायला गेले. संघर्ष त्यांच्या मागे मागे फिरला, काकुळतीला आला, शेवटी पाया पडला. गेणभाऊंना वाटलं, आशीर्वाद मागतोय. त्यांनी तो भरभरून दिला.

साहेब आले, बोलले. चारशे बाराची पाकिटं टेबलावर मांडली गेली. पत्राचा लिफाफा साहेबांच्या बॅगेतून डोकावत होता आणि संघर्षची नजर तिथून हलत नव्हती. मग गेणभाऊ उठले. चष्मा लावून त्यांनी कागद अक्षर न् अक्षर वाचला. तडकलेली फळं, ऑफिसला केलेले दोन्ही अर्ज, काही सुटलं नाही.

"ह्या पोरापाई मी दोन एकर टमाटं रद्द केलं, कोबी लावली," ते म्हणाले. "सोताच्या कंपनीचं खरं सांगनारा मानूस आमी पयल्यांदा बघितला."

शाल खांद्यावर पडली. साहेबांनी हळूच विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय?"

संघर्षने माईक हातात घेतला. बायकोला, प्रज्ञाला, सहावा महिना लागला होता. तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नाही. मी नाही लिहिलं." स्वतःचाच आवाज त्याला शिसारी आणून गेला.

"बगा, अजून लाजतंय," गेणभाऊ म्हणाले, आणि अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या.

साहेबांनीही वाजवल्या, दोन. मग लिफाफा आत सारून बॅगेची चेन लावली आणि ते गाडीकडे निघाले. जाताना म्हणाले, "उद्यापासून यायची गरज नाही."

संघर्ष शाल पांघरून तसाच बसून राहिला. कळंबला जाऊन भागुजींना काय सांगायचं, हे त्याला सुचेना. खोटंही बोललो आणि नोकरीही गेली.

गेणभाऊंनी तो कागद त्याच्या पुढ्यात धरला. "हितं सही करा राव. आदेश म्हनला, घरात फ्रेम करून लावू."

संघर्षने खिशातलं निळं पेन काढलं आणि सही केली.