खडकाकडचे शेत

बोल्गातांगा शहराच्या पलीकडील आमच्या गावात आयिनपोकेचा दिवस लेंडीखताच्या टोपलीनेच सुरू होत असे. त्या दिवशीही टोपली डोक्यावर घेऊन ती खडकाकडच्या शेताकडे निघाली. वास्तविक ती भूमी तिच्या वाट्यास आली तेव्हा मृतवत होती. पती आकोल्गो याने वर्षानुवर्षे त्या मातीला युरिया चारला आणि अखेर बाजरीऐवजी टारफुला या तणाची जांभळी फुले तेवढी उगवू लागली. तेव्हा त्याने मोठ्या औदार्याने म्हटले होते, "घे तुला. मी काही परत मागायचो नाही."

त्या शब्दावर विसंबून तिने युरियाच्या कणालाही न शिवता खड्डे खणले, खत वाहिले, बाजरीत चवळी पेरली. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी मूठभर कणसे आली. यंदा मात्र पीक छातीला लागले होते. बायांच्या मंडळाकडून विनारसायन धान्य घेणारा मनुष्य माती हुंगून म्हणाला होता, "आता हे शेत आमच्या नियमात बसलं!" त्या धान्यावर कन्या लामिसी हिला शहरात शिवणकाम शिकविण्याचा आयिनपोकेचा संकल्प होता.

कापणी उरकली. सायंकाळी आकोल्गो व त्याचा धाकटा भाऊ अतांगा अंगणात बसले होते. आयिनपोकेने भोपळ्याच्या वाडग्यातून पितो नावाची दारू आणली.

"लामिसीच्या आई, ऐक," आकोल्गो बाजरीच्या त्या दारूचा घोट घेत म्हणाला. "पुढल्या पेरणीला खडकाकडचं शेत अतांगा करील."

दुसरा वाडगा तिच्या हातातच राहिला. "आणि मी?"

"तुला ओढ्याकडची पट्टी देतो की. मेलीय ती जमीन, पण तुझ्या हाताला गुण आहे."

"काळजी नको, वहिनी," अतांगा म्हणाला. "दोन पोती युरिया टाकतो, तुझ्यापेक्षा उंच बाजरी काढतो बघ."

"भावजी, एक मूठ टाकलीत तरी सगळी मेहनत पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"मग तू आहेसच की पहिल्यापासून करायला!"

दोघे खदखदून हसले. ती पतीकडे वळली.

"तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द दिला तेव्हा तिथं काही उगवत नव्हतं," आकोल्गो शांतपणे म्हणाला. "आणि बाई परक्या घरची. बाईच्या हाती चांगलं शेत राहिलेलं या गावात कुणी पाहिलंय?"

ज्या मुखाने वचन दिले त्याच मुखातून हे निघाले, म्हणून तो घाव तिच्या वर्मी बसला. कोपऱ्यात शिया झाडाच्या तेलबिया निवडणाऱ्या सासूला तिने हाक मारली.

"आत्याबाई, तुम्ही तरी बोला."

"काय बोलू, पोरी?" वृद्धा मान वर न करता म्हणाली. "ज्या शेतावर हे दोघं पोसले, ते मीच जिवंत केलेलं. यांच्या बापानं काढून घेतलं. मग दुसरं दिलं, तेही काढून घेतलं. मी आपली टोपली उचलत राहिले."

आयिनपोकेने वाडगा भुईवर ठेवला.

"ओढ्याकडची पट्टी मला नको. आणि या घरातली एक लेंडीसुद्धा यापुढं माझ्या डोक्यावरून जाणार नाही."

"मग नेणार कोण?"

"ज्याची जमीन, त्याचं डोकं."

"पुरुषानं खत वाहायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू देत. सकाळी मी तिन्दानाकडं जाणार आहे. भूमीचा पुजारी तो, जमिनीचा निवाडा त्याच्याच हाती. शब्द खोटा पडल्याचं त्याच्या कानावर घालते."

"बाई जाणार तिन्दानापुढं?" अतांगा ओरडला. "वाट तरी माहीत आहे का?"

"मला माहीत आहे," सासू उठत म्हणाली. "तरुणपणी अर्ध्यातून परतले होते."

प्रातःकाळी टोपली उंबरठ्याशी पालथी पडली होती आणि दोघी सासूसुना खडकाकडे न वळता सरळ निघाल्या होत्या. पाणवठ्यावरच्या बाया हंडे खाली ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. एकीने विचारले, "कुठं ग?" उत्तर ऐकून तीही मागे चालू लागली.

वाचकहो, तिन्दाना काय निवाडा देईल हे मी सांगू शकत नाही. आपल्या गावातील हिरव्या शेताच्या बांधावर उभे राहाल, तेव्हा ती माती कोणी जिवंत केली आणि पीक कोणाच्या घरी गेले, एवढे मात्र अवश्य विचारा.