आत्याच्या जीपचं नाक

नळीबाबा पैशाला हात लावत नसत. प्रत्येक गाडीची फक्त स्टेपनी घेत, तीही 'अर्पण' म्हणून. त्या सकाळी नदीकाठच्या गॅरेजसमोर जीपवाल्यांची रांग लागली होती आणि बाबांच्या ट्रकमध्ये टायरांची चळत छताला टेकत आली होती. टायरचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वैराग्य किती फायद्याचं ते वेगळं सांगायला नको.

"इंजिनाचा श्वास कोंडतो म्हणून ते चढावर रडतं," बाबा सांगत होते. "मी त्याला नाक देतो. हे नाक पुरातही बुडत नाही."

मग बोनेट उघडून ते आतला एअर फिल्टर काढत आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरत. काळाकुट्ट, धुळीने गच्च. "हे गाडीचं पाप!" गर्दी दोन पावलं मागे सरकायची. पाप ट्रकमध्ये जायचं, काचेच्या कडेने छतापर्यंत जाड नळी बसायची, आणि काल चढावर धापा टाकणारी गाडी गुरगुरत वर जायची.

आमच्याकडचा जीपवाला रोज काच पुसतो, टायर चमकवतो. पण फिल्टर उघडून पाहिलेला माणूस शोधून सापडणार नाही. जे चारचौघांत दिसत नाही, त्यावर फडकं कोण मारतो?

आत्याच्या जीपला नुकतीच नळी बसली होती. त्या जीपवरच तिचं घर चालतं. आज डॉक्टरीणबाईंना घेऊन तिला पलीकडच्या दवाखान्यात जायचं होतं, आणि नदी चांगलीच फुगली होती.

"आत्या, पाणी बोनेटपर्यंत येईल," मी म्हणालो.

"येऊ दे की. आता नाक वर आहे. दूधवाल्याची गाडी कशी चढली, बघितलीस ना?"

"चढाव बघितला. नदी कुठे बघितली?"

"तुझा जन्म शंका काढण्यातच जायचा."

डॉक्टरीणबाई हसल्या. "आत्या, मला यात बसायचंय, तर आधी पेशंट तपासते. इंजिन चालू करा." त्या पायरीवर चढल्या आणि नळीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला. "नाक दाबलं की जीव गुदमरायला हवा."

इंजिन आपलं मजेत चालू.

"बाई, तुमचा हात शंकेचा आहे," बाबा म्हणाले. "शंकेच्या हाताने नाक बंद होत नाही."

"मग श्रद्धेचा हात लावू. या दूधवाले."

बाबांचा सर्वांत मोठा भक्त वर चढला आणि त्याने दोन्ही तळहात दाबले. इंजिन तसंच चालू.

बाईंनी बोनेट उघडायला लावलं. नळी आतल्या पत्र्याशी येऊन संपली होती. पुढे काहीच जोडलेलं नव्हतं. खाली फिल्टरचा डबा रिकामा. बाईंनी त्याच्या तोंडाशी रुमाल नेला, तसा तो खसकन आत ओढला गेला.

"खरं नाक हे. तुंबलेला फिल्टर काढला म्हणून गाडी पळाली. आता धूळ थेट इंजिनात जाणार, आणि नदीत शिरलात की पाणीसुद्धा."

आत्याने जीप बंद केली आणि बाबांच्या ट्रकचं बोनेट उघडलं. आत कोराकरकरीत फिल्टर. "बाबा, तुमच्या ट्रकला नळी कशी नाही?"

"माझा ट्रक निष्पाप आहे," बाबा म्हणाले, पण तोवर लोक टायर उतरवू लागले होते.

"माझ्या नळीची गोष्ट वेगळी," दूधवाला पुटपुटला. "ती बाबांनी स्वतःच्या हाताने बसवली." कोणी अडवायच्या आत त्याने जीप नदीत घातली. मधोमध इंजिनाने घोट घेतला, एक उचकी दिली आणि गप्प झालं. दुधाचे कॅन तरंगत पुढे गेले; मालकाला दोर टाकून काढावं लागलं.

आता हिशेब. बाबा रिकामा ट्रक घेऊन गेले. आत्याला नवा फिल्टर पडला आणि एक दिवसाचं भाडं बुडालं. डॉक्टरीणबाईंचा रुमाल गेला. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तोच हात नळीवर ठेवून बघा, एवढंच सांगणं. त्याला खर्च नाही. दूधवाल्याने तर ठेवूनही बघितला होता. हाताला कळलं ते त्याने मानलं नाही, आणि त्यापायी अख्ख्या इंजिनाची किंमत मोजली.