तिसरा हात

"गाडी आहे अजून?" असं प्रणोतीने फोनवर विचारलं आणि दिवाकररावांचा घात झाला.

तिने आपलं सहज विचारलं होतं. सहा वर्षं दिवाळी-पाडव्याला दोन मिनिटांच्या वर न बोललेली मुलगी बापाला दुसरं काय विचारणार? तब्येत विचारली तर माया दिसते, आणि तेवढी तिची तयारी नव्हती. पुढच्या आठवड्यात गुरुवारी ती नवऱ्याबरोबर कायमची कॅनडाला निघाली होती. त्याआधीच्या रविवारी नागपूरहून जबलपूरला यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

"आहे ना! काहून नसेल?" दिवाकरराव म्हणाले. "मी स्वतः येतो स्टेशनवर घ्यायला. गाडी घेऊन."

"चलो, ठीक आहे. पावणेबाराला पोचते," म्हणून तिने फोन ठेवला.

दिवाकरराव कांचघरच्या आपल्या घराच्या अंगणात आले आणि त्यांनी गाडीकडे नीट पाहिलं. पंधरा वर्षांची, वाईन रंगाची छोटी गाडी. रंगावरचा क्लिअरचा पारदर्शक थर टपावर आणि बोनटवर उन्हाने जळून गेला होता. सोललेल्या पाठीसारखे त्याचे पांढरे पापुद्रे सुटले होते, आणि नख लावलं की तळहाताएवढा तुकडा हातात येत होता. दोन वर्षं हे रोज डोळ्यांसमोर होतं, पण आज त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस तेहेतीस वर्षं सैन्याच्या ट्रकांच्या कारखान्यात पेंट शॉपला होता. माझ्या हातच्या ट्रकावर ओघळ दाखवा, मिशी उतरवतो, असं सांगायचा. मिशी अजून शाबूत होती. आणि त्याच्या स्वतःच्या दारात ही अशी गाडी!

पण नुसती अब्रूची गोष्ट असती तर सोडून दिली असती. दिवाकररावांना मुलीला एक वाक्य सांगायचं होतं. सहा वर्षं ते घशात अडकलं होतं. "चुकलं माझं, पणू." बस, एवढंच.

त्यांची बायको लतिकाबाई दवाखान्यात होत्या तेव्हाची गोष्ट. दुपारी तीनला प्रणोतीने कारखान्यात फोन केला होता, बाबा, लगेच या. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, चार ट्रकांना रंगाचा शेवटचा हात द्यायचा बाकी होता आणि दिवाकररावांना दुसऱ्या कोणाच्या हातावर भरवसा नव्हता. ते सहाला पोचले. लतिकाबाई सव्वापाचला गेल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी दोनदा विचारलं होतं, हे आले का. प्रणोती भांडली नाही, रडून बोलली नाही. तेरावा झाल्यावर बॅग भरून गेली ती गेलीच.

हे वाक्य समोरासमोर बसून बोलणं दिवाकररावांना जमण्यातलं नव्हतं. गाडीत जमलं असतं. गाडीत माणूस समोर रस्त्याकडे बघत बोलतो, शेजारच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. प्रणोती याच गाडीवर शिकली होती. ती चालवायची, दिवाकरराव शेजारी बसून ओरडायचे आणि लतिकाबाई मागे डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या. स्टेशन ते घर पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत बोलून टाकायचं, असं त्यांनी पक्कं केलं होतं.

पण असल्या सोललेल्या गाडीत? छे!

अधारतालच्या तुळशीरामचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान होतं. त्याच्याकडून त्यांनी छोटा कॉम्प्रेसर आणि रंग फवारायची गन आणली. "भाई साहब, मौसम देखिए. दो दिन रुक जाइए," तुळशीराम म्हणाला. त्याचं खरं होतं. सप्टेंबर संपत आला तरी हवेत ओल होती. पण दोन दिवस थांबले असते तर रविवार गेला असता.

तीन दिवस दिवाकरराव पाणी आणि वॉटर पेपर घेऊन गाडीला जुंपलेले होते. सुटलेले पापुद्रे काढायचे, राहिलेल्या थराची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासायची, मग पुढची कड. बोटांची सालं निघाली. शेजारच्या बेबीताई पोह्यांची ताटली घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. "भाऊ, पोरगी तुम्हाला भेटायला येऊन राहिली का गाडीला?" त्यांनी विचारलं. दिवाकरराव हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शनिवारी त्यांनी काचांना वर्तमानपत्रं चिकटवली आणि क्लिअर मारलं. टप सुरेख आला. बोनट मात्र हवेतल्या ओलीने दुधासारखं पांढरं पडलं. ते पुन्हा घासून काढण्यात संध्याकाळ गेली.

तरी वेळ होता. रविवारी पहाटे उठून त्यांनी हिशेब केला. सहाला पहिला हात, वीस मिनिटांनी दुसरा, पुन्हा वीस मिनिटांनी तिसरा. सातपर्यंत काम खलास. मग चार तास चांगलं ऊन, आणि अकराला निघायचं. पहिला हात झकास बसला. दुसऱ्या हाताला बोनटच्या पुढच्या कडेला एक ओघळ आला.

करंगळीएवढा ओघळ. रस्त्यावरच्या माणसाला दाखवूनही दिसला नसता, आणि प्रणोतीला तर नाहीच नाही. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, राहू दे बाबा. दिवाकररावही तसं म्हणाले, मोठ्याने म्हणाले, आणि आंघोळीला गेले. अंगावर दोन तांबे घेऊन तसेच परत आले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. ओघळ वाळेपर्यंत थांबले, कापला, आजूबाजूची जागा घासली, पुसली. दुसरा हात पुन्हा मारला तेव्हा अकरा वाजून गेले होते. मधली वीस मिनिटं ते चुलीजवळच्या मांजरासारखे गाडीभोवती फिरत होते. आता तिसरा हात मारलाच पाहिजे होता. नाहीतर उद्या पुन्हा सगळं घासायचं, आणि उद्या काय कामाचा?

तिसरा हात सुरू केला आणि फोन वाजला. नागपूरची गाडी वेळेच्या आधी आली होती. नेमकी आजच.

"बाबा, मी बाहेर उभी आहे. तुम्ही कुठे आहात?"

"ऐकू नाही येऊन राहिलं! ऑटो कर! कांचघर सांग!" दिवाकरराव कॉम्प्रेसरच्या वरताण ओरडले आणि फोन खिशात टाकला. ती आल्यावर नीट सांगू. संध्याकाळी स्टेशनवर सोडायला तर जाऊच, तेव्हा बोलू. तोवर वाळलेली असेल. अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि अर्ध्या बोनटवरून गन पुढे नेली.

ऑटो फाटकाशी थांबला तो त्यांना कळलाच नाही. गाडीच्या कोपऱ्यावरून वळले तर समोर प्रणोती. चष्मा लागलेली, थोडी बारीक झालेली, थेट लतिकाबाईंसारखी मान तिरपी केलेली. ती गाडीकडे बघत होती. चेहऱ्यावर हसूही होतं थोडं. तिने बोनटवर ठेवायला हात पुढे केला.

"हात नको लावू! ओलं आहे!"

कारखान्यात जसे ओरडायचे तसेच ते ओरडले. सहा वर्षांनी समोर आलेल्या मुलीशी ते पहिलं हे बोलले. प्रणोतीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"बाबा, बंद करा ना ते. बसा ना माझ्याजवळ."

"हा एवढा हात अर्धा राहिला, पणू. पाच मिनिटं. आत बस, बेबीताई चहा करतील. पाचच मिनिटं!"

त्यांनी गन पुन्हा उचलली. त्यांना अगदी मनापासून पाच मिनिटंच वाटत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते थिनरचं आहे असं समजून त्यांनी बाहीला पुसलं आणि काम संपवलं. बोनटचा उरलेला भाग, मग कडा, मग दिव्यांच्या मधली अरुंद पट्टी. हात असा बसला की तसा आयुष्यात क्वचितच बसला असेल. ओघळ नाही, कचरा नाही, वरचं आभाळ बोनटमध्ये स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला. "झालं! पणू, ये, बघ!"

ओट्यावर बेबीताई एकट्या उभ्या होत्या. हातातल्या चहावर साय धरली होती.

"गेली ती, भाऊ."

"कुठे?"

"स्टेशनवर, मिळेल त्या गाडीने जाते म्हणून. दोनदा हाक मारली तुम्हाला. मशीनच्या आवाजात ऐकू नाही गेलं तुम्हाला. मग फाटकाशी उभी राहिली. मी म्हटलं, थांब बाई, बाबा येऊन राहिले. तर म्हणाली, मावशी, आईच्या वेळी पण येऊनच राहिले होते."

दिवाकरराव आतून किल्ली घेऊन धावत आले. फोन लावला, तो बंद होता. स्टेशन पंधरा मिनिटांवर. वाळलं नाही तर नाही, रस्त्याची सगळी धूळ बसली बोनटवर तरी बसू दे, मुलगी हातची जाऊन राहिली! पण समोरच्या काचेवर अजून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. त्यांनी वाकून टेपचं टोक पकडलं.

"ओढा ना भाऊ जोरात! नाहीतर ऑटो करा!" बेबीताई ओरडल्या.

त्यांना जोरातच ओढायची होती. देवाशपथ. पण ओल्या रंगावरून टेप झटक्यात ओढली की कड उचलते, आणि हे तेहेतीस वर्षं त्यांच्या हाताला माहीत होतं. हाताने टेप मागे दुमडली आणि तिरकी, सावकाश, बोटभर-बोटभर सोडवायला सुरुवात केली. दिवाकरराव त्या हाताकडे बघत हुंदके देत होते. "लवकर, लवकर रे," ते त्याला म्हणत होते. निम्मी काच अजून बाकी होती.