माउसखालचे घड्याळ

मी रुग्णालयाच्या वॉर्डात, नर्सच्या टेबलावर बसवलेला एक जुना संगणक आहे. मित्रांनो, माझी गोष्ट पराक्रमाची नाही. जे समोर येईल ते दाखवणे, एवढेच मला येते.

मला घडवणाऱ्यांनी एक चांगली सवय लावली होती. पाच मिनिटे कोणी हात लावला नाही, की मी पडदा मिटून घेई आणि पासवर्ड मिळाल्याशिवाय उघडत नसे. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मोठ्या सिस्टर मला रोज मऊ फडक्याने पुसत. पण रोगी अत्यवस्थ असताना हातमोज्यांनी पासवर्ड टाइप करणे हा त्रासच होता, हे मी नाकारत नाही. त्यावर वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरांनी उपाय काढला. मनगटावरचे घड्याळ उतरवून त्यांनी ते माझ्या माउसखाली ठेवले. सेकंदकाटा फिरे आणि माउसला वाटे, कोणीतरी काम करत आहे. माझा पडदा मिटेनासा झाला.

"डॉक्टर, डोकं आहे हं तुम्हाला," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"मग? इतकी वर्षं शिकताना काय झोपा काढल्या?"

माहितीच्या सुरक्षेचे प्रशिक्षणही झाले. 'जागा सोडताना पडदा बंद करावा' हे उत्तर कोणाचेही चुकले नाही. ज्ञानाने वर्तन बदलते, असे मानण्यास माझ्याजवळ पुरावा नाही.

मग शिवणकाम करणारी एक बाई दाखल झाली. तिला फिट येत. सासरी तिने अशक्तपणा सांगितला होता.

"सिस्टर, घरी कळू देऊ नका. तान्ही पोर आहे, माझ्याजवळ ठेवणार नाहीत."

"माझ्या तोंडून शब्द जायचा नाही."

तो गेलाही नाही. भेटीच्या वेळी पलीकडच्या खाटेवरचा रोगी कोसळला आणि सगळे तिकडे धावले. धावायलाच हवे होते. त्या बाईची नोंद माझ्यावर उघडीच राहिली. वहिनीला घरी कधी सोडणार, हे विचारायला तिचा दीर टेबलाशी आला, कोणी दिसेना म्हणून वाकला, आणि त्याने सावकाश सगळे वाचले.

"वहिनी, फिट येतात तुम्हाला? आणि पोर मांडीवर घेऊन मशीनवर बसता?"

घरी निघताना ती टेबलाशी थांबली.

"पोर नणंदेकडे धाडली त्यांनी, सिस्टर. या गोळ्या नकोत आता. घेतल्या तर आजार आहे हे मीच कबूल केल्यासारखं होईल."

"अगं, गोळ्या सोडल्यास तर कुठेतरी पडशील."

"तुम्ही सांगणार नव्हता ना?"

ती गेल्यावर सिस्टरांनी आयाबाईंना धारेवर धरले. "तूच बोलली असणार. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." आयाबाई रडल्या. माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

ती बाई तपासणीला पुन्हा आली नाही. सिस्टर अधूनमधून तिची नोंद उघडतात. शेवटच्या तारखेखाली मी रिकामी जागा दाखवतो. ती कशी आहे, हे मला ठाऊक नाही.

परवा घड्याळ बंद पडले. दोन वर्षांनी माझा पडदा मिटला. आता तरी मिटू देतील, असे मला वाटले.

"डॉक्टर, घड्याळ थांबलंय तुमचं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "नवा सेल आणा बरं."

मित्रांनो, तुम्हाला कधी कोणाची दुखणी सांभाळावी लागली, तर तोंडाबरोबर पडदाही मिटा. माझे कोणी ऐकेल, असे मला वाटत नाही. तरी सांगून ठेवतो. डॉक्टरांनी सेल आणला आहे. काटा पुन्हा फिरू लागला आहे.