कवच विझलं तेव्हा

आमच्या जमुनाचं लग्न १९५८ च्या वैशाखात दर्यापूरला झालं आणि त्याच वर्षी पोळ्याला ती पहिल्यांदा माहेरी अकोटला आली. पोचवायला तिचे सासरे महादेवराव स्वतः आले. व्याही पाहणार, म्हणून त्या वर्षी आळीच्या पत्र्याच्या राक्षसाच्या पोटात आपणच बसायचं, असं यांनी ठरवलं. हे म्हणजे माझे पती नत्थुजी, सरकी काढायच्या जिनातले फिटर. पंचवीस वर्षं कापसाची धूळ छातीत गेलेली. विहिरीवरून एक घागर आणली तरी धाप लागायची. दम लागेल असं काही करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावाची इडापिडा बाहेर घालवायची आमच्याकडे रीत आहे. कुठे कागदाचे पुतळे नेतात. आमच्या आळीसाठी यांनी जिनातल्या मोडक्या पत्र्याचा पंधरा फुटी राक्षस केला होता. तो चाकांवर उभा असे. पोटात सायकलची सीट, पायडल आणि डायनामो. आतल्या माणसानं पायडल मारलं की राक्षसाच्या छातीवर बारा दिवे लागत. ते त्याचं कवच. दिवे जळत असताना आमच्या शेजारचा खुशालराव सात बाण मारी. सातही पत्र्यावर आपटून खाली पडत आणि लोक "कवच! कवच!" ओरडत. सातव्या बाणानंतर राक्षस मारायला हात उचली, दिवे विझत. मग प्रत्येक घरानं आपल्या दुखण्याचं नाव घेऊन त्याला चिखलाचा गोळा मारायचा, म्हणजे दुखणं तो घेऊन जातो.

त्या दुपारी चहा पिताना महादेवराव म्हणाले, "व्याहीबुवा, एवढं कवच आहे तं तुमचा राक्षस दरसाल हारते काहून?"

"कवच फुकट नसते न! आत कोनी जीव जाळून राहते, तवा भाईर उजेड पडते."

"मंग जाळत राहावं. हात उचलाची काय गरज?"

"हात नाई उचलला तं तो राक्षस कायचा? देवळाचा खांब झाला!" सगळे हसले. मग हे समजावून सांगू लागले, "पट्टा एकच आहे. डायनामोवर असला तं दिवे लागतात, हाताच्या चाकावर टाकला तं हात उठते. दोनी कामं संगं होत नाईत. दुसऱ्याले माराचं तं आपल्याले उघडं व्हाच लागते."

"आन आतल्या मानसाले कोनाचं कवच?"

"पत्रा आहे न," हे म्हणाले आणि बराच वेळ खोकत राहिले.

मी आत बोलावून म्हटलं, "अवं, यंदा दुसऱ्या कोनाले बसवा."

"सात बाणाले वेळ किती लागते? तुही एक भाकर होत नाई तेवढ्यात. व्याही पाहून राह्यले अन् मी भाईर उभा राहू?"

राक्षसाच्या पाठीला दार होतं. कडी बाहेरून. ती लावायचं काम माझं. दिवस कलताना हे आत बसले, मी कडी लावली आणि पुढे जमुनाजवळ येऊन उभी राहिले.

दिवे छान लागले. एक बाण झाला, दोन झाले, तीन झाले. चौथा बाण खुशालरावानं लावलाही नव्हता आणि दिवे लाल पडून विझले. राक्षसाचा हात मात्र खालीच होता.

मला कळलं. दुसऱ्या कोणालाच कळलं नाही. दिवे विझले म्हणजे कवच गेलं, एवढंच लोकांना ठाऊक.

"कवच गेलं! मारा!" डफडी वाजू लागली. पार्बताबाईंनी पहिला गोळा मारला, "माहे गुडघे घेऊन जा रे बाप्पा!"

"थांबा! हात नाई उचलला त्यानं!" मी ओरडले.

"तू त्याची बायको, तुले दया येनारच," पार्बताबाई हसल्या. "फेक, फेक, तुहाबी फेक!"

आतून पान्यानं पत्रा ठोकल्याचा आवाज येऊ लागला. दरसाल आतला माणूस असंच ठोकी, राक्षस विव्हळतो असं दाखवायला. लोकांना आणखी चेव आला. जमुनानं दोन्ही हातांनी गोळा उचलला आणि मोठ्यानं म्हणाली, "माह्या बाबाचा दमा घेऊन जा!" तिचा नेम चांगला. गोळा बरोबर छातीवर बसला.

मी गर्दीतून घुसत पाठीमागं गेले. तिकडूनही लोक मारत होते. काळ्या मातीचा चिखल कडीत गच्च भरला होता. मी बोटांनी उकरला, पदरानं धरून ओढली, कडी हातातून निसटत होती. आतून तीनदा ठोकल्याचं ऐकलं. मग एकदा. मी दाराला तोंड लावून "उघडते, उघडते" म्हणत राहिले. कोणीतरी मारलेला गोळा माझ्या मानेवर बसला आणि लोक हसले.

खुशालराव धनुष्य टाकून धावत आला. त्यानं दगडानं कडी तोडली.

हे हँडलवर कपाळ टेकून बसले होते. पट्टा त्यांच्या मुठीत होता. डायनामोवरून त्यांनी तो काढला होता, हाताच्या चाकावर टाकायचा राहिला होता. पुढे डफडी अजून वाजतच होती.

जमुनाला तिच्या गोळ्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. तीही माझ्याशी कडीबद्दल बोलली नाही.

नत्थुजी १९५८ साली, पोळ्याच्या करीच्या दिवशी, दिवस बुडताना राक्षसाच्या पोटातच वारले. तेव्हा त्यांचं वय एक्कावन्न होतं.